बायपासमध्ये शिरेतून दिलेली भूल आणि शरीराचा साखर-चरबीचा हिशोब

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

मंडळी, इथे डॉक्टर लोक बरेच आहेत म्हणून हा धागा काढतोय. वडिलांची (वय ६६) बायपास नुकतीच झाली. आता घरी आहेत, सोसायटीत चकरा मारतात, भाजीत मीठ नाही म्हणून आईशी वाद घालतात. तेव्हा काळजीचं कारण नाही आणि सल्लाही नकोय. निव्वळ कुतूहल.

डिस्चार्जच्या फायलीत भूलतज्ज्ञांचा तक्ता आणि एबीजीच्या (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीच्या) त्या छोट्या चिठ्ठ्या टाचून दिल्या होत्या. मी पडलो हिशोबनीस, आकडे दिसले की वाचल्याशिवाय राहवत नाही. बाबांना मधुमेह नाही, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.६. भूल द्यायच्या आधी साखर १०४. पंप (ऑपरेशनमध्ये हृदय-फुप्फुसांचं काम करणारं मशीन) सुरू झाल्यावर १६८. पंपावरून उतरल्यावर २१४, आणि तिथे पेनाने 'इन्सुलिन ड्रिप सुरू' असं लिहिलंय. लॅक्टेट (ग्लुकोज फोडताना बनणारं आम्ल) १.१ वरून ४.८. औषधांच्या रकान्यात मिडाझोलाम, फेंटानिल, प्रोपोफॉल, व्हेक्युरोनियम, आणि शेवटी शेवटी ॲड्रेनालिन.

आमचे मामा आयुष्यभर औषध कंपनीत एमआर होते. त्यांचं ठाम मत: "ते पांढरं इंजेक्शन म्हणजे तेल असतं. पाच तास शिरेत तेल सोडल्यावर साखर चढणार नाही तर काय होणार?"

भुलीच्या औषधाने शरीराचा चयापचय खरंच इतका हलतो का? लॅक्टेट वाढलं म्हणजे आत काही बिघडलं होतं का? आणि वायू हुंगवायचा सोडून सगळं शिरेतूनच का देतात?

रानमोडी

वाचतेय. सासूबाईंची बायपास ठरलीय, तेव्हा जरा आम्हाला कळेल असं लिहा.

भुलाबाई

हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देणं हेच माझं रोजचं काम, तेव्हा हजेरी लावते. तुमच्या बाबांचा तक्ता मी पाहिलेला नाही, त्यामुळे जे लिहिते ते सर्वसाधारण.

मामांचं तेल खरं आहे, निष्कर्ष चुकलाय. प्रोपोफॉल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सत्तरच्या दशकात इंग्लंडात आयसीआय कंपनीत जॉन ग्लेन यांच्या गटाने ते शोधलं (ग्लेन मूळचे जनावरांचे डॉक्टर, पुढे २०१८ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला). सुरुवातीला ते क्रेमोफोर नावाच्या द्रावणात दिलं जायचं. त्याची जोरदार ॲलर्जी यायला लागल्यावर ते मागे घेतलं आणि सोयाबीन तेलाच्या इमल्शनमध्ये बसवून १९८६ मध्ये पुन्हा आणलं. म्हणून ते दुधासारखं पांढरं.

१०० मिलीमध्ये १ ग्रॅम औषध, १० ग्रॅम सोयाबीन तेल, १.२ ग्रॅम अंड्याच्या बलकातलं लेसिथिन आणि २.२५ ग्रॅम ग्लिसरॉल. आता तुमच्यासारख्या हिशोबनीसासाठी: ७० किलोचा माणूस, ताशी किलोमागे ३ मिग्रॅ असा वेग धरला तर ताशी २१ मिली. पाच तासांत १०५ मिली. म्हणजे साडेदहा ग्रॅम तेल. आपण एका भाजीच्या फोडणीला याहून जास्त घालतो. कॅलरी ११५ च्या आसपास, ग्लुकोज शून्य. यातून साखर १०४ ची २१४ होत नाही.

ती येते यकृतातून, आणि शरीराच्या स्वतःच्या हुकमाने येते. उरोस्थी करवतीने मधोमध कापली जाते, नंतर रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरतं, अंग थंड केलं जातं. मेंदू झोपलेला असला तरी खालची यंत्रणा जागी असते. ॲड्रेनालिन, कॉर्टिसॉल, ग्लुकॅगॉन वाढतात. यकृत साठवलेला ग्लायकोजेन फोडून आणि नवं ग्लुकोज बनवून रक्तात सोडतं. त्याच वेळी थंडीमुळे स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं, आणि जे सुटतं त्याला स्नायू दाद देत नाहीत. यात कुठे हृदय थांबवायच्या द्रावणात डेक्स्ट्रोज असतं, कुठे स्टेरॉइड दिलेलं असतं, आणि पंपावरून उतरताना ॲड्रेनालिनची ड्रिप लागली तर झालंच. मधुमेह नसलेल्या माणसाची साखर २०० पार जाणं आमच्या थिएटरात रोजचं आहे. डोळे विस्फारावेत असं त्यात काही नाही.

भुलीच्या औषधांचा चयापचयावरचा सगळ्यात मोठा परिणाम म्हणजे हा हार्मोनचा लोंढा ती किती आवरतात. १९६९ साली बॉस्टनमध्ये लोवेनस्टाइन यांनी झडपा खराब झालेल्या रुग्णांना मॉर्फिनचे प्रचंड डोस देऊन दाखवलं की कमजोर हृदयसुद्धा हे सहन करतं. तोवर भूल देतानाच रक्तदाब कोसळून रुग्ण हातचे जायचे. १९७८ च्या सुमारास स्टॅन्ली यांनी तेच फेंटानिलने केलं, किलोमागे ५० ते १०० मायक्रोग्रॅम. पंप सुरू होईपर्यंत हार्मोन छान शांत. पंप सुरू झाला की मात्र ते डोकं वर काढतातच, कितीही औषध ओता. वर रुग्ण दुसऱ्या दिवशीपर्यंत व्हेंटिलेटरवर. म्हणून नव्वदच्या दशकापासून फेंटानिल बेताचं आणि जोडीला प्रोपोफॉल, अशी पद्धत रुळली. तुमच्या फायलीतली यादी त्याच वळणाची दिसते.

लॅक्टेटवर नंतर लिहिते, आता राउंडला पळते.

पंपवाला

भुलाबाई राउंडला गेल्या आहेत तोवर "शिरेतूनच का" याचं उत्तर माझ्याकडून. मी परफ्युजनिस्ट, म्हणजे हार्ट-लंग मशीन चालवणारा. आम्ही कुणाला दिसत नाही, डिस्चार्जच्या कागदावर नावही नसतं, असो.

वायूची भूल फुप्फुसातून रक्तात जाते. पंप पूर्ण वेगात आला की फुप्फुसांतून रक्त जवळपास जातच नाही आणि व्हेंटिलेटर बंद करतात. मग वायू द्यायचा कुठून? माझ्या ऑक्सिजनेटरच्या (रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागाच्या) गॅसलाइनवर व्हेपोरायझर (भुलीच्या औषधाची वाफ करणारं यंत्र) बसवून देता येतो आणि बऱ्याच ठिकाणी देतातही. पण तो प्रत्येक मशीनवर नसतो, आणि वापरलेला वायू बाहेर खेचायची सोय नसेल तर आम्हीच पेंगायचे. शिरेतली ड्रिप मात्र फुप्फुस चालू असो की बंद, चालूच राहते.

तरी तिथेही भानगडी आहेत. माझ्या सर्किटमध्ये सुरुवातीला लिटर-दीड लिटर द्रव भरलेला असतो. पंप सुरू झाला की रुग्णाचं रक्त त्यात मिसळून पातळ होतं, हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींची टक्केवारी) ३८ चा २५-२६ वर येतो. औषधही पातळ होतं. फेंटानिल तर नळ्यांना आणि ऑक्सिजनेटरला चिकटून बसतं. उलट प्रोपोफॉल रक्तातल्या प्रथिनांना धरून असतं, प्रथिनं पातळ झाली की मोकळं औषध टक्केवारीने वाढतं. थंडीत यकृत मंद, त्यामुळे औषध निघून जायला वेळ लागतो. त्यामुळे सिरिंज पंपावरचा आकडा आणि मेंदूपर्यंत पोचलेलं औषध यांचा मेळ त्या दोन तासांत बिघडतो. म्हणून कपाळावर बीआयएसची (भुलीची खोली मोजणारी) पट्टी लावतात आणि आकडा ४० ते ६० मध्ये ठेवायला बघतात.

जपायची वेळ म्हणजे पुन्हा ऊब देताना. शरीराचं तापमान १० अंशांनी उतरवलं की ऑक्सिजनची गरज साधारण निम्मी होते. ऊब द्यायला लागलो की ती गरज झपाट्याने परत येते, मेंदू जागा व्हायला बघतो, आणि औषध तेव्हाच कमी पडतं. मी "रिवॉर्मिंग" म्हणून ओरडलो की भूलवाले डोस वाढवतात. व्हेनस सॅच्युरेशन (शरीरातून परतणाऱ्या रक्तात उरलेला ऑक्सिजन, टक्क्यांत) ७० च्या खाली घसरायला लागलं की मी फ्लो वाढवतो, नाहीतर लॅक्टेट चढलंच म्हणून समजा.

खवचट

दुधासारखं पांढरं? हेच ते मायकेल जॅक्सनवालं ना? आणि आमच्या काकू कट्टर शाकाहारी. त्यांना अंड्याचं इंजेक्शन टोचलं हे कळलं तर टाके घेऊन त्या घरी निघतील. (हलके घ्या.)

भुलाबाई

हो, तेच. २००९ मध्ये त्यांच्या घरी, मॉनिटर आणि श्वास सांभाळायच्या सोयीशिवाय, झोपेचं औषध म्हणून दिलं गेलं. श्वास थांबतो, तो सांभाळायला माणूस लागतो. त्याचा चयापचयाशी संबंध नाही.

काकूंना अंड्याचं सांगायचं असेल तर पूर्ण सांगा. पंपावर जाण्यापूर्वी रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिन डुकराच्या आतड्यातून काढतात. त्याचा असर उतरवणारं प्रोटामिन मुळात सामन माशाच्या वीर्यातलं प्रथिन. काही जण ऑपरेशनच्या आदल्या रात्री हा विषय काढतात. मी खरं ते सांगते, आणि आजवर कुणी उठून गेलेलं नाही. अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना ती सहसा पांढऱ्यातल्या प्रथिनांची असते, इथे लेसिथिन बलकातलं. त्यामुळे नुसत्या त्या कारणाने प्रोपोफॉल टाळायची गरज नसते, पण ॲलर्जी आहे हे सांगायचं मात्र नक्की.

हेपरिनचा विषय निघालाच आहे तर, चरबीच्या बाजूने खरा धक्का तेच देतं. हेपरिन दिल्यावर रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटलेलं लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम) सुटून रक्तात येतं आणि ट्रायग्लिसराइड फोडून मोकळी मेदाम्लं तयार करतं. हृदय एरवी ६०-७० टक्के ऊर्जा मेदाम्लांतूनच घेतं. पण ऑक्सिजन तोकडा असताना मेदाम्लं जाळणं परवडत नाही, कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये ग्लुकोजपासून जास्त ऊर्जा मिळते. म्हणून साठच्या दशकात मेक्सिकोच्या सोडी-पायारेस यांनी ग्लुकोज, इन्सुलिन, पोटॅशियम एकत्र द्यायची कल्पना मांडली: हृदयाला साखरेकडे वळवा. कल्पना देखणी आहे, साठ वर्षं अधूनमधून डोकं वर काढते, पण रोजच्या कामात ती काही टिकली नाही.

आता लॅक्टेट. दोन तऱ्हा असतात. एक, ऊतींना ऑक्सिजन पोचला नाही म्हणून. पंपवाल्यांनी वर लिहिलंय ती. दुसरी, ऑक्सिजन पुरेसा असूनही ॲड्रेनालिनने स्नायूंमध्ये ग्लुकोज फोडण्याचा वेग इतका वाढवला की पेशींतल्या मायटोकाँड्रियांना (ऊर्जा बनवणाऱ्या भागांना) पायरुवेट (फोडलेलं ग्लुकोज) खपेना, आणि उरलेल्याचं लॅक्टेट झालं. ॲड्रेनालिनच्या ड्रिपवर साखर आणि लॅक्टेट जोडीने चढतात, तेव्हा बहुतेकदा ही दुसरी तऱ्हा असते. लघवी व्यवस्थित, हातपाय गरम, व्हेनस सॅच्युरेशन चांगलं, तर आम्ही ड्रिप हळूहळू उतरवतो आणि आकडा खाली येताना बघतो. लघवी थांबलेली, पोट फुगलेलं, आकडा चढताच, तर आमची झोप उडते.

ह्यूस्टनची_वहिनी

मी इकडे आयसीयूत डाएटिशियन आहे. प्रोपोफॉलच्या कॅलरी हा आमचा रोजचा मजकूर. दर मिलीला १.१ कॅलरी. ऑपरेशनच्या पाच तासांत ते नगण्य, भुलाबाईंशी सहमत. पण रुग्ण आयसीयूत दिवसच्या दिवस झोपवून ठेवला आणि ड्रिप ताशी २० मिलीने चालली तर दिवसाला ५२८ कॅलरी नुसत्या तेलाच्या होतात. नळीतून द्यायच्या अन्नातून आम्ही त्या वजा करतो आणि ट्रायग्लिसराइड तपासत राहतो. नवा रेसिडेंट हे विसरतो, मग आमचा फोन जातो.

भुलाबाई

वहिनी, बरं झालं लिहिलंत. लांबलेल्या ड्रिपचा एक दुर्मीळ पण भयंकर प्रकारही आहे, प्रोपोफॉल इन्फ्युजन सिंड्रोम. १९९२ मध्ये ब्रिटनमधून आयसीयूतल्या पाच लहान मुलांच्या मृत्यूंची नोंद छापून आली, मग मोठ्यांतही दिसला. ढोबळ नियम असा की ताशी किलोमागे ४ मिग्रॅच्या वर, ४८ तासांहून जास्त, असं नको. औषध मायटोकाँड्रियात दोन जागी अडवतं: मेदाम्लं आत नेणारं विकर, आणि आतली ऊर्जा बनवायची साखळी. इंधन दाराशी साठतं आणि जळत नाही. रक्त आम्लधर्मी होतं, स्नायू विरघळायला लागतात, ट्रायग्लिसराइड चढतात, हृदयाची गती मंदावत जाते. मामांना औषधाच्या चयापचयावरच्या परिणामाची भीतीच घालायची असेल तर ही घाला. पण एका बायपासच्या वेळात, नेहमीच्या मात्रेत, हे घडायची शक्यता फार फार कमी.

विज्ञानवेडा

थोडा वाद घालतो. वायूवाली भूल (सेव्होफ्लुरेन वगैरे) हृदयाचं रक्षण करते असं वाचलंय. मग निव्वळ शिरेतली भूल देणं हा रुग्णावर अन्याय नाही का? आपल्याकडे सोय नाही म्हणून स्वस्तातलं गळ्यात मारतात असं वाटतं.

भुलाबाई

वाद घालाच, यावर आमच्या क्षेत्रात दोन दशकं वाद चाललाय.

१९८६ मध्ये अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांवर दाखवलं की हृदयाचा रक्तपुरवठा पाच-पाच मिनिटं चार वेळा तोडून जोडला, तर पुढच्या मोठ्या आघातात स्नायू कमी मरतो. नव्वदच्या दशकात कळलं की आयसोफ्लुरेनसारखे वायू तीच सवय रक्तपुरवठा न तोडता लावतात. त्यात पेशींमधल्या पोटॅशियमच्या एका विशिष्ट वाहिनीचा वाटा आहे. २००२ च्या आसपास बेल्जियममधून डी हर्ट यांच्या गटाचे अभ्यास आले: सेव्होफ्लुरेनवाल्यांचं हृदय प्रोपोफॉलवाल्यांपेक्षा पंपानंतर बरं चालतं, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) कमी गळतं. तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं, निकाल लागला.

मग मिरियाड चाचणी आली, २०१९, लँडोनी आणि मंडळी. १३ देश, ३६ केंद्रं, ५,४०० रुग्ण, सगळे ठरवून केलेल्या बायपासचे. वर्षभरातले मृत्यू वायूच्या गटात २.८ टक्के, शिरेतल्या भुलीच्या गटात ३.० टक्के. फरक नाही. पुढे चालवून उपयोग नाही म्हणून चाचणी आधीच थांबवली. प्रयोगशाळेत दिसणारा फायदा माणसाच्या वर्षभराच्या आयुष्यात उतरला नाही.

प्रोपोफॉलवर एक आळ मात्र अजून आहे. दंडाला पट्टा बांधून रक्तपुरवठा थांबवायचा-सोडायचा आणि त्यातून लांबूनच हृदयाला तयार करायचं, अशा दोन मोठ्या चाचण्या २०१५ मध्ये आल्या, ब्रिटनची एरिका आणि जर्मनीची रिपहार्ट. दोन्हींत फायदा शून्य. दोन्हींत बहुतेकांना प्रोपोफॉल होतं, जर्मनीत तर सगळ्यांनाच. तेव्हापासून काही जण म्हणतात, प्रोपोफॉलनेच तो परिणाम पुसून टाकला असावा. मला ती शंका रास्त वाटते, सिद्ध झालेली नाही.

आणि ज्या वाहिनीमुळे वायू हृदयाला फायद्याचे म्हणतात, तशीच वाहिनी स्वादुपिंडाच्या पेशींत आहे. तिथे ती उघडली की इन्सुलिन सुटणं मंदावतं. त्यामुळे वायूच्या भुलीत शरीराला साखर नीट हाताळता येत नाही, प्रोपोफॉलमध्ये हा त्रास फारसा दिसत नाही. म्हणजे मामांच्या आरोपाच्या बरोबर उलट. अन्याय वगैरे काही नाही. मी स्वतः एकाच ऑपरेशनमध्ये दोन्ही वापरते.

टपालवाडी

आमच्या वडिलांचं पंपिंग २५ टक्के होतं. त्यांना प्रोपोफॉल न देता इटोमिडेट दिलं असं डॉक्टर म्हणाले. ते चांगलं की वाईट?

भुलाबाई

कमजोर हृदयासाठी आम्ही बरेच जण तेच उचलतो. प्रोपोफॉलने रक्तवाहिन्या सैल पडून दाब घसरतो, इटोमिडेटने तो जवळपास हलत नाही. किंमत दुसरीकडे मोजावी लागते: अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉल बनवणारं एक विकर ते अडवतं, एकाच डोसने साधारण दिवसभर. १९८३ मध्ये ग्लासगोच्या आयसीयूतल्या डॉक्टरांनी लॅन्सेटला पत्र लिहून कळवलं की इटोमिडेटची ड्रिप चालू असलेले अपघाताचे रुग्ण जास्त दगावताहेत. कारण पुढे कळलं, हेच कॉर्टिसॉल. तेव्हापासून ड्रिप बंद, झोपवायला एकच डोस, तेवढ्यापुरतं. ऑपरेशननंतर दाब उगाचच धरत नसेल तर आम्ही ते ध्यानात ठेवून हायड्रोकॉर्टिसोनचा विचार करतो.

साखरशाळा

२१४?? माझ्या मते दिरंगाई झाली. साखर ११० च्या आत ठेवली तर मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालंय. मी वाचलंय.

वॉर्डबॉय_एमडी

तुम्ही २००१ मधलं वाचलंय. बेल्जियमच्या लवेनमध्ये ग्रेट व्हॅन डेन बर्घ यांनी साखर ८० ते ११० मध्ये ठेवून आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ वर आणले. रुग्ण बरेचसे हृदयशस्त्रक्रियेचेच. जगभर आयसीयूंनी तासातासाला बोटं टोचायला सुरुवात केली. मग २००९ मध्ये नाइस-शुगर चाचणी आली, ६,१०४ रुग्ण. कडक साखरेच्या गटात मृत्यू २७.५ टक्के, सैल गटात २४.९. साखर खाली कोसळण्याचे प्रकार कडक गटात कितीतरी जास्त. ऑपरेशन चालू असतानाच कडक करून बघितलं ते २००७ मध्ये मेयो क्लिनिकने, ४०० रुग्णांवर: फायदा नाही, उलट अर्धांगाचे झटके ८, दुसऱ्या गटात १.

भुलीत साखर ४० वर गेली तरी रुग्णाला घाम फुटलेला, हात थरथरलेला आपल्याला दिसत नाही. म्हणून आता १८० च्या खाली ठेवा, पण फार खाली खेचू नका, असं धोरण. २१४ दिसल्यावर ड्रिप लावली हे पाठ्यपुस्तकातलं झालं. दिरंगाई म्हणायला काही जागा दिसत नाही.

शेवंताची_आई

माझ्या लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन ती तान्ही असताना झालं. इतक्या लहान बाळाला एवढं फेंटानिल का, असं तेव्हा मनात आलं होतं, विचारायचा धीर झाला नाही.

भुलाबाई

विचारलंत हे चांगलं केलंत, कारण भूल आणि चयापचयाची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट बाळांचीच आहे.

ऐंशीच्या दशकापर्यंत पुष्कळ ठिकाणी नवजात बाळांना ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करणारं औषध आणि थोडा नायट्रस ऑक्साइड एवढंच द्यायचे. समज असा की त्यांची मज्जासंस्था कच्ची, दुखत नाही, आणि अफू वर्गातली औषधं त्यांना झेपणार नाहीत. कन्वलजीत आनंद नावाचे डॉक्टर, इंदूरच्या एमजीएम मेडिकल कॉलेजातून शिकून ऑक्सफर्डला गेलेले, त्यांना प्रश्न पडला की ऑपरेशनहून परतलेली बाळं इतकी खराब का दिसतात. बाळ बोलत नाही, म्हणून त्यांनी रक्ताला विचारलं: साखर, लॅक्टेट, ॲड्रेनालिन, कॉर्टिसॉल. १९८७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हृदयाजवळची उघडी राहिलेली वाहिनी बांधताना ज्यांना फेंटानिल मिळालं त्यांच्यात हार्मोनचा उठाव खूपच कमी, गुंतागुंतीही कमी.

पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत हिकी यांच्यासोबत नवजात बाळांच्या हृदयशस्त्रक्रियेवर: ज्यांना भरपूर सुफेंटानिल (फेंटानिलच्याच कुळातलं) दिलं त्या ३० पैकी एकही दगावलं नाही, हॅलोथेन (भुलीचा वायू) आणि मॉर्फिनवाल्या १५ पैकी ४ दगावली. अभ्यास लहान होता, पुढे त्यावर बरीच चर्चा झाली, आणि एवढे मोठे डोस आता सगळ्याच बाळांना देत नाहीत. पण बाळाला पुरेशी भूल ही दयेपोटी द्यायची गोष्ट नाही, ती उपचाराचाच भाग आहे, हे तिथून पक्कं झालं. लेकीला फेंटानिल मिळालं ते योग्यच झालं.

शेवंताची_आई

धन्यवाद ताई. यंदा ती पहिलीत गेली.

कृष्णाकाठी

वाखूसा (वाचनखूण साठवली). एक राहिलं. शेजारच्या काकांची बायपास "पंपाशिवाय" झाली, धडधडत्या हृदयावर. त्यात हे सगळं टळतं का?

पंपवाला

आमचं पोट मारणारा प्रकार! आपल्या देशात भरपूर होतो. पातळ होणं, थंड करणं, नळ्यांना औषध चिकटणं हे टळतं. साखर तरी चढते, कारण छाती तर उघडलीच. आणि मागच्या बाजूच्या धमनीला हात घालायला हृदय उचलून वळवतात तेव्हा दाब पडतो, त्या काही मिनिटांत भूलवाल्यांचे हात चालताना बघा. मी मशीन भरून शेजारी उभाच असतो.

रानमोडी

आता माझा प्रश्न. सासूबाईंना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. तपासणीच्या वेळी गोळ्या विचारल्या तेव्हा मिस्टरांनी "शुगरची एक आणि बीपीची एक" एवढंच सांगितलं.

भुलाबाई

रानमोडी, हे आजच सांगा. ऑपरेशनच्या दिवसाची वाट बघू नका.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर काढतात. उपास, ऑपरेशनचा ताण आणि कमी इन्सुलिन एकत्र आले की शरीर चरबी जाळून केटोन बनवायला लागतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. घोळ असा की साखर मात्र १५०-२०० च्या आसपासच दिसते, कारण उरलेली लघवीतून निघून जात असते. आम्हाला आम्ल दिसतं, आम्ही पंपाला, लॅक्टेटला, ॲड्रेनालिनला दोष देत बसतो आणि खरं कारण राहून जातं. रक्तातले केटोन मोजले तरच सापडतं. म्हणून २०२० पासून अमेरिकेच्या एफडीएचा सल्ला आहे की या तीन गोळ्या ठरलेल्या ऑपरेशनच्या निदान ३ दिवस आधी थांबवाव्यात. कधी थांबवायची आणि तोवर साखर कशाने सांभाळायची हे तुमचे डॉक्टर ठरवतील. स्वतःहून बंद करू नका. मेटफॉर्मिनबद्दलही विचारा.

अजून एक. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर आपल्याकडे ते कितीतरी कंपन्यांच्या जोडगोळ्यांत आलंय. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात दोन-दोन, तीन-तीन नावं असतात. पट्टी हातात घेऊन वाचा.

रानमोडी

वाचली. शुगरच्या गोळीत आहे. आणि हृदयाच्या डॉक्टरांनी श्वास लागतो म्हणून वेगळी दिलेली आहे तिच्यातही तेच नाव आहे, १० मिग्रॅ. म्हणजे दोनदा चाललंय?

भुलाबाई

तसं दिसतंय. दोन्ही पट्ट्यांचे, मागच्या बाजूचे फोटो काढा आणि आत्ताच सर्जनच्या टीमला पाठवा, फोनही करा. इथे टाकू नका.